साधंच काहीतरी

'साधंच काहीतरी' हा मराठी घरातील रात्रीच्या जेवणाचा एक प्रकार आहे. तो बहुधा रविवारी संध्याकाळी साडेसात ते आठच्या दरम्यान उद्भवतो. दुपारचे जेवण अंगावर आलेले असते, चार वाजता चहाबरोबर चिवडा झालेला असतो आणि भूक कोणालाच नाही यावर घराचे एकमत असते. अशा वेळी गॅसपासून सर्वांत लांब बसलेली व्यक्ती म्हणते, "फार काही करत बसू नकोस. साधंच काहीतरी कर." यातला 'च' महत्त्वाचा. त्यात काळजी आहे, उपकार आहे आणि समोरच्याला आता नाही म्हणता येऊ नये याची तजवीजही आहे. 'काहीतरी' हा शब्द मात्र फसवा आहे. काहीतरी म्हणजे काहीही चालते असे नाही.

"मग खिचडी टाकू?"

"खिचडी नको. आजारी असल्यासारखं वाटतं."

"दहीभात?"

"रात्रीचं दही?"

"सकाळच्या पोळ्या उरल्यात. फोडणीची पोळी करते."

"तू म्हणशील ते. पण त्यापेक्षा पिठलं-भाकरी टाक की. त्याला काय लागतं?"

खिचडीचा निकाल येथेच लागतो, म्हणून तिच्याविषयी दोन शब्द येथेच सांगणे बरे. नोव्हेंबर २०१७ मध्ये दिल्लीत ९१८ किलो खिचडी एका भल्या मोठ्या कढईत शिजवून जागतिक विक्रम करण्यात आला. त्याआधी ती राष्ट्रीय पदार्थ होणार अशी आवई उठली होती आणि तसे काही नाही असा खुलासा केंद्रीय मंत्र्यांना करावा लागला होता. एवढा मान मिळूनही घरोघरी तिची जागा तापाच्या गोळीशेजारीच राहिली आहे.

राहता राहिला प्रश्न 'त्याला काय लागतं?' हा.

पिठल्याला लागते बेसन, पाणी आणि फोडणी. झुणक्यालाही हेच लागते आणि पाटवडीलाही. फरक फक्त पाण्याचा. वाटीभर बेसनाला वाटीभर पाणी म्हणजे झुणका, दोन वाट्या म्हणजे पाटवडी, तीन किंवा जास्त म्हणजे सरसरीत पिठले. हे झाले कागदावर. पिठले गॅसवरून उतरले तरी स्वस्थ बसत नाही, ते गार होता होता आळत जाते. त्यामुळे एकाच कढईतला पदार्थ पहिल्यांदा बसणाऱ्यांना पिठले म्हणून मिळतो, मागून बसणारीला झुणका म्हणून आणि साडेदहाला घरी येणाऱ्या मुलाला वडी म्हणून. पातळ की घट्ट हा वाद घराघरांत आहे. त्यात दोन्ही पक्षांचे समाधान एकाच कढईत, फक्त वेगवेगळ्या वेळी होते, ही गोष्ट कोणी लक्षात घेत नाही.

पिठले करण्याची जुनी रीत पीठ पेरण्याची आहे. फोडणीत मोहरी, जिरे, हिंग, हळद, ठेचलेला लसूण, हिरवी मिरची आणि कांदा पडला की त्यावर पाणी ओतायचे. ते खळाखळा उकळू लागले की डाव्या हाताने बेसन पेरत जायचे आणि उजव्या हाताने ढवळत राहायचे. निसर्गाने माणसाला हात दोनच दिले आहेत आणि कुरिअरवाला नेमका याच मिनिटाला बेल वाजवतो. परिणामी गुठळ्या होतात. बाहेरचे पीठ उकळत्या पाण्याने लगेच शिजते, त्याचे कवच तयार होते आणि आतले पीठ कोरडे राहते. गुठळीचे शास्त्र एवढेच. पण मराठी स्वयंपाकाचे औदार्य असे की या दुर्घटनेलाही त्याने नाव देऊन ठेवले आहे. 'गुठळ्यांचं पिठलं' हा एक मान्यताप्राप्त, रुचकर पदार्थ आहे. प्रस्तुत लेखकाने आजवर केलेले प्रत्येक पिठले गुठळ्यांचे होते आणि प्रत्येक वेळी ते ठरवूनच तसे केलेले होते.

कोकणात कुळथाचे पीठ आधी गार पाण्यात कालवून घेतात आणि गुठळीचा प्रश्नच मिटवतात. त्या पिठीबरोबर भात खातात, म्हणजे भाकरीचाही प्रश्न मिटतो. कोकणी माणूस उगाच शांत नसतो.

घाटावर मात्र पिठल्याला भाकरीच लागते आणि शिवाय सिंहगड लागतो. पुण्याची माणसे रविवारी सकाळी सिंहगड चढतात, घामाघूम होऊन वर पोचतात आणि तिथे पिठलं-भाकरी, कांदा, ठेचा व मडक्यातले दही खाऊन कृतकृत्य होतात. दोन तास चढून आलेल्या माणसाला कुठलीही भाकरी गोड लागेल, हे साधे कारण कोणाला सुचत नाही. मग घरी कितीही जीव ओतून पिठले केले तरी ताटावर शेरा ठरलेला असतो. "छान झालंय. पण गडावरच्यासारखं नाही." या शेऱ्याला एक उत्तर आहे आणि ते फार कमी गृहिणी देतात. जेवायला बसण्याआधी सगळ्यांना चारदा जिना चढायला लावावा.

पिठलं-भाकरी ही गरिबाची, असे पूर्वी म्हणत. १९९५ मध्ये महाराष्ट्रात सत्तेवर आलेल्या युती सरकारने एक रुपयात झुणका-भाकर देण्याची योजना काढली होती. आता महामार्गालगतच्या 'चुलीवरची' अशी पाटी लावलेल्या हॉटेलांत तेच ताट दोनशेच्या पुढे जाते. मध्यंतरी संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष आंतरराष्ट्रीय पौष्टिक तृणधान्य वर्ष म्हणून साजरे केले, ज्वारी-बाजरीला सरकारी भाषेत 'श्रीअन्न' अशी पदवी मिळाली आणि भाकरीकडे बघून नाक मुरडणारी नातवंडे तिचे फोटो काढू लागली. आजींना यात नवल वाटले ते एवढेच, की फोटो काढेपर्यंत भाकरी गार होते हे यांना कळत कसे नाही.

आता भाकरी. या संपूर्ण विषयातले हे सर्वांत अवघड प्रकरण आहे आणि त्याला सर्वांत सोपे समजले जाते.

गव्हाच्या पिठात पाणी घालून मळले की ग्लुटेनचे चिवट जाळे तयार होते. म्हणून पोळी ओढली, ताणली, दोनदा घडी घातली तरी फाटत नाही. ज्वारीत हे ग्लुटेन नाही. ज्वारीचे पीठ एकत्र राहायला कोणत्याही अर्थाने बांधील नाही. त्याला धरून ठेवायचे तर कढत पाणी घालावे लागते, म्हणजे पिठातला स्टार्च थोडा शिजतो आणि चिकट होतो. मग एकेका भाकरीपुरता गोळा घेऊन तळहाताच्या टाचेने तो मळायचा, चांगला मऊसूत होईतो मळायचा आणि मळला की लगेच थापायचा. वाट बघत ठेवला की तो कडेने भेगाळतो. परातीत कोरडे पीठ भुरभुरायचे, गोळा ठेवायचा आणि थापायला लागायचे. जाणत्या हाताखाली भाकरी आपोआप गोल फिरत मोठी होत जाते. अजाणत्या हाताखाली परात फिरते.

यानंतर भाकरी दोन्ही तळव्यांवर उचलून, पिठाची बाजू वर येईल अशी, तापल्या तव्यावर घालायची. वरून हाताने पाणी फिरवायचे. ते पाणी सुकत आले की, पूर्ण सुकायच्या आत, उलटायची. दुसरी बाजू नीट भाजली की भाकरी थेट आचेवर धरायची. सगळे जमले असेल तर ती टम्म फुगते आणि पापुद्रा सुटतो. जमले नसेल तर ती शांतपणे भाजत राहते, आणि ते बघवत नाही.

प्रस्तुत लेखकाची पहिली भाकरी परातीलाच चिकटली. दुसरी उचलताना अर्धी आली. तिसरी तव्यावर पोचली, पण पडताना दुमडली. ती सरळ करताना तीन बोटे भाजली, पाणी लावायचे राहिले आणि ते आठवले तेव्हा भाकरीवर पाणी शिंपडणे म्हणजे वाळवंटात शिंपडण्यासारखे होते. आईने ती उचलून पाहिली, टेबलावर टकटक वाजवली आणि मायेने म्हणाली, "पिठाची विरी गेली असेल रे."

विरी म्हणजे पिठाचा धरून राहण्याचा गुण. दळून बरेच दिवस झाले की पिठाची विरी जाते आणि भाकऱ्या तुटू लागतात, हे खरेच आहे. म्हणूनच भाकरी न जमणाऱ्यांचे हे सर्वांत मोठे आश्रयस्थान आहे. लेखकाने लगेच त्याचा आश्रय घेतला, गिरणीवाल्याला दोन शब्द सुनावले आणि हात धुतले. तेवढ्यात आईने पदर खोचला, उरलेले पीठ पुढ्यात ओढले आणि फोनवर मावशीशी बोलत बोलत चार भाकऱ्या थापल्या. चारही फुगल्या. पिठाची विरी परत आली होती.

या विद्येचे प्रमाण लिहून ठेवण्याचे प्रयत्न झालेले आहेत. कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' १९७० साली आले आणि वाटी-चमच्याच्या मापाने स्वयंपाक शिकलेल्या कित्येक पिढ्या त्यावर पोसल्या. पुस्तकाने आपले काम चोख केले. घोटाळा वाट्यांचा आहे. एका मराठी घरात आमटीची वाटी, मुंजीत आलेली वाटी, श्रीखंडाची छोटी वाटी आणि कोणाची तरी परत करायची राहिलेली वाटी अशा किमान चार वाट्या असतात आणि त्यांचे आपसांत पटत नाही. म्हणून शेवटी गाडी फोनवरच येते.

"आई, पीठ किती घेऊ?"

"मावेल तेवढं."

"मावेल म्हणजे कशात?"

"अरे, पाणी घे ना आधी. त्या पाण्यात मावेल तेवढं."

"मग पाणी किती घेऊ?"

"पिठाला लागेल तेवढं."

या व्याख्येत तर्कशास्त्राच्या दृष्टीने दोष असेल. पण या व्याख्येवर केलेल्या भाकऱ्या बिघडत नाहीत, आणि किचनच्या वजनकाट्यावर एकशे वीस ग्रॅम पीठ मोजून केलेल्या बिघडतात, हे लेखकाने दोन रविवार वाया घालवून पडताळून पाहिले आहे.

भाकरी बारगळली की घर थालीपीठाकडे वळते. "भाजणी आहेच घरात. थालीपीठं लाव चार. पाच मिनिटांचं काम." या पाच मिनिटांची सुरुवात साधारण तीन आठवड्यांपूर्वी झालेली असते. भाजणी म्हणजे बाजरी, ज्वारी, तांदूळ, गहू, हरभऱ्याची डाळ, उडीद, शिवाय धने आणि जिरे. यांत प्रत्येक घर एखादे धान्य वाढवते, एखादे वगळते आणि शेजारच्या घरातील भाजणीला हसते. हे सगळे एकत्र भाजून चालत नाही. तांदूळ फुलायला वेगळा वेळ घेतो, डाळ वेगळा आणि जिरे तर बघता बघता जळून जाते. म्हणून एकेक धान्य वेगळे, मंद आचेवर, उलथने हातात धरून. भाजणारीचा सबंध सकाळचा वेळ आणि एक खांदा यात जातो. मग गिरणी.

"भाजणी आहे. कशावर टाकाल?"

"गव्हावर टाकतो."

"गव्हावर नको. चव जाते. भाजणीवरच टाका."

"भाजणीवर भाजणी टाकायला आधी कोणीतरी भाजणी आणायला पाहिजे ना, काका. तुम्हीच आणलीय आज."

"मग ज्वारीवर टाका. आणि जरा रवाळ हवी हं. फार बारीक नको."

अशी ही भाजणी सिद्ध झाली की तिचे डबे भरतात, मुलीच्या घरी पाठवतात आणि परदेशी जाणाऱ्याच्या बॅगेत कोंबतात. अमेरिकेतल्या विमानतळावर बिननावाच्या पिशवीतल्या तपकिरी भुकटीला इंग्रजीत काय म्हणायचे हा प्रश्न अनेक सुशिक्षितांना घाम फोडून गेला आहे. तिथे पोचून केलेल्या पहिल्याच थालीपीठाच्या धुराने छताला लावलेला भोंगा बोंबलतो. मग घरातला सर्वांत उंच माणूस खुर्चीवर चढून त्याला टॉवेलने वारा घालतो आणि बाकीचे खाली गरम गरम खाऊन घेतात.

प्रत्यक्ष थालीपीठाकडे वळले तर अडचण कांद्याची. भाजणीत बारीक चिरलेला कांदा, कोथिंबीर, तिखट, मीठ घालून पीठ भिजवले की कांद्याला पाणी सुटते आणि पीठ सैल होते. म्हणून थोडी भाजणी वाढवायची. मग मीठ कमी पडते. ते घातले की कांद्याला आणखी पाणी सुटते. अशा रीतीने चौघांसाठी भिजवलेले पीठ पाहता पाहता नऊ जणांचे होते आणि दुसऱ्या दिवशी डब्यात काय, या प्रश्नाचे उत्तर कोणी न विचारताच मिळते.

पहिले थालीपीठ गार तव्यावर थेट थापता येते. दुसऱ्याच्या वेळी तवा तापलेला असतो, आणि येथे मानवी बुद्धीची कसोटी लागते. काही घरांत दोन तवे आलटून पालटून वापरतात. काही घरांत ओल्या फडक्यावर किंवा केळीच्या पानावर थापतात. बहुसंख्य घरांत दुधाची रिकामी पिशवी तीन बाजूंनी कापून, धुऊन, ओट्यावर पसरून तिला तेल लावतात. तिच्यावर थालीपीठ थापायचे, मधोमध एक आणि भोवती चार भोके पाडायची, पिशवीसकट तव्यावर उपडे करायचे आणि पिशवी अलगद सोलून घ्यायची. भोके तेल खालपर्यंत पोचावे आणि वाफ निसटावी म्हणून असतात. ती असावीत याबद्दल महाराष्ट्रात दुमत नाही, किती असावीत याबद्दल आहे. पिशवी मात्र अलगदच सोलायची असते. प्रस्तुत लेखकाच्या हातून तिचा एक कोपरा तव्याला टेकला. त्या थालीपीठाचा वास पुढे दोन दिवस घरात होता आणि त्याचा उल्लेख अजून आहे.

धिरडे या सर्वांत झटपट. पीठ कालवले, तव्यावर ओतले, झाले. ज्यांना हे 'झाले' खरे वाटते त्यांनी पहिले धिरडे करून पाहिलेले नाही. पहिले धिरडे तव्याला चिकटते. तवा पुरेसा तापलेला नसतो किंवा तेल सगळीकडे नीट बसलेले नसते. त्यावर उपाय म्हणून अर्धा कांदा तेलात बुडवून तव्यावर फिरवतात. तवा किती तापला हे पाण्याचा शिंतोडा मारून बघतात. 'चर्र' असे होऊन पाणी उडाले तर ठीक. थेंब न उडता मण्यासारखा पळू लागला, तर तवा फाजील तापला. हा पळणारा थेंब लायडनफ्रॉस्ट नावाच्या जर्मन डॉक्टरने १७५६ साली टिपून ठेवला. थेंबाखाली वाफेची गादी तयार होते आणि थेंब तिच्यावर तरंगतो, म्हणून तो लवकर आटत नाही. त्याच्या नावाने हा परिणाम जगभर ओळखला जातो. तशा तव्यावर धिरड्याचे पीठ मात्र पसरतच नाही, पळीलाच चिकटून वर येते. पहिल्या फाटक्या धिरड्याचे तुकडे ओट्याशी उभ्यानेच खायचे असतात. त्यात फार चव असते आणि ते कधीच मोजले जात नाहीत.

झटपट पदार्थांच्या व्हिडिओंमुळे हल्ली आणखी एक गैरसमज बळावला आहे. पडद्यावर फोडणी पडते, नऊ काचेच्या वाट्यांतून नऊ चिरलेल्या वस्तू आत जातात आणि चार मिनिटांत ताट सजते. नऊ वाट्या कोणी भरल्या आणि नंतर कोणी घासल्या, हे दाखवत नाहीत. लसूण सोलण्याचा वेळ तर आजपर्यंत एकाही पाककृतीने हिशेबात धरलेला नाही. पंधरा पाकळ्या म्हणजे पंधरा पाकळ्या. त्या सोलताना माणूस आयुष्याचा विचार करू लागतो.

लेखकाने एका रविवारी 'आज मी करतो, साधंच' असे जाहीर करून पिठलं-भाकरी केली, त्याचा हिशेब उपलब्ध आहे. सुरुवात सात चाळीसला, पहिला घास दहाला पाच कमी असताना. वापरलेली भांडी एकोणीस, त्यांत 'हे कशाला काढलं?' असा प्रश्न आलेली सहा. बेसन ओट्यावर, जमिनीवर आणि मिक्सरच्या बटणांत. कांदा कुठे आहे, हिंग कुठे आहे आणि 'तो आपला लोखंडी तवा' कुठे आहे, असे बाहेर विश्रांती घेणाऱ्या पत्नीला विचारलेले प्रश्न बावीस. पंचविसाव्या मिनिटाला ती उठून आत आली आणि नुसती उभी राहिली. नुसती उभी राहण्यात तिने कांदा चिरला, गॅस बारीक केला आणि भाकऱ्या केल्या. जेवताना सर्वांनी लेखकाचे कौतुक केले. पत्नीनेही केले, पण ती ज्या सुरात म्हणाली त्याची नोंद येथे करण्याचे कारण नाही.

अखेरीस खरवडीची गोष्ट. पिठल्याच्या लोखंडी कढईला तळाशी जो खमंग, तांबूस थर धरतो त्याला खरवड म्हणतात. सगळे जेवून उठले, मुले मोबाइलकडे गेली, ताटे बेसिनमध्ये पडली की करणारी व्यक्ती एकटी कढई घेऊन बसते आणि उलथन्याने ती काढून, वर कच्चे तेल घालून, उरलेल्या चतकोर भाकरीबरोबर खाते. पिठल्यापेक्षा ती फार चांगली लागते. ती एकाच माणसापुरती निघते. कोणी वाटा मागायला आलेच, तर त्याच्या हातात कढईच द्यावी, आणि सोबत घासणी.